गल्ला आणि पगाराचं पाकीट

आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘परिसराच्या इतिहासावर काहीतरी लिहा’ असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. चिंचवडचे मोरया गोसावी, देहू-आळंदीची परंपरा यावर लिहिणारी जाणकार मंडळी आपल्यात आहेत. माझा जन्म गेला बँकेत, लोकांची खाती बघण्यात. तेव्हा खात्यांतून जो इतिहास दिसला तोच लिहावा म्हटलं.

पिंपरी-चिंचवड हे बाहेरून आलेल्यांचं शहर आहे. मूळ गावं होती आणि आहेत, पण १९९१ च्या जनगणनेत लोकसंख्या पाच लाखांच्या पुढे, २००१ मध्ये दहा लाखांच्या पुढे आणि २०११ मध्ये सव्वासतरा लाख झाली, ती काही पाळण्यांमुळे नव्हे. या आलेल्यांमध्ये शहराला आकार देणारे दोन मोठे समाज म्हणजे फाळणीनंतर पिंपरी कॅम्पात आलेले सिंधी निर्वासित, आणि सातारा, सांगली, सोलापूर, नगर, बीड, लातूर, खानदेश, विदर्भ अशा ठिकाणांहून कारखान्यांत आलेला मराठी कामगार. या दोघांबद्दल आपल्याकडे एक ठरलेलं वाक्य आहे : ‘सिंधी माणसाच्या रक्तात धंदा, मराठी माणसाच्या रक्तात नोकरी.’ लग्नाच्या पंगतीत ऐकलं, कट्ट्यावर ऐकलं, बँकेतसुद्धा ऐकलं. माझा अनुभव असा की हिशेब मांडला की हे वाक्य टिकत नाही. कोण काय घेऊन आला, त्याला परतीची वाट होती का, आणि पडल्यावर त्याला धरणारं कोण होतं, या तीन प्रश्नांची उत्तरं शोधली की रक्तापर्यंत जावं लागत नाही.

सिंधमधून पिंपरीला

आज विसरायला झालंय, पण सिंध हा १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीत मराठी वस्ती होती. तिथल्या एका जुन्या सरकारी शाळेला नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचं नाव आहे. त्यामुळे फाळणी झाल्यावर सिंधी हिंदू बोटीने मुंबईला उतरले ते अगदीच अनोळखी मुलखात नव्हे. तिथून त्यांची रवानगी वेगवेगळ्या छावण्यांत झाली. कल्याणजवळच्या छावणीचं १९४९ मध्ये उल्हासनगर झालं. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या निर्वासितांसाठी छावणी होती. पोलिश लोक गेले, सिंधी आले, आणि त्याचं गांधीनगर झालं. आज ती कापडाची मोठी घाऊक पेठ आहे. आपल्याकडची छावणी पिंपरीची. ‘कॅम्प’ हा शब्द तेव्हापासून चिकटला तो आजतागायत.

पंजाब आणि बंगालचे दोन तुकडे झाले. सिंधचा झाला नाही, तो सगळाच्या सगळा पलीकडे गेला. म्हणजे पंजाबी निर्वासिताला निदान पूर्व पंजाब होता, बंगाल्याला पश्चिम बंगाल होता. सिंध्यांना स्वतःच्या भाषेचा एकही जिल्हा या देशात उरला नाही. सिंधी भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली तीसुद्धा १९६७ मध्ये. ही गोष्ट आर्थिकदृष्ट्या किती महत्त्वाची आहे ते पुढे सांगतो.

सरकारने काय दिलं? १९४८ च्या कायद्याने निर्वासितांना उद्योगधंद्यासाठी कर्ज देणारं पुनर्वसन वित्त प्रशासन निघालं. १९५० च्या कायद्याने मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे नोंदवून तपासले गेले आणि १९५४ च्या कायद्याने त्यांची भरपाई ठरली. पण दावा धरला जायचा तो घर, जमीन अशा स्थावर मालमत्तेचा. दुकानातला माल, उधारी, पेढीचं नाव, गिऱ्हाईक यांची भरपाई नाही. शिवाय मिळायची ती पूर्ण किंमत नव्हे, तिचा काही हिस्सा. दावा जितका मोठा तितकं हे प्रमाण कमी. पुष्कळांची भरपाई कॅम्पातल्या घराच्या किमतीपोटी वळती झाली. व्यापाऱ्याचं खरं भांडवल म्हणजे माल आणि उधारी. ते तिकडेच बुडालं.

मग हाती राहिलं काय? ज्ञान आणि ओळखी. सिंधमधल्या हैदराबादचे ‘सिंधवर्की’ व्यापारी फाळणीच्या कितीतरी आधीपासून देशोदेशींच्या बंदरांत दुकानं थाटून होते. शिकारपूरच्या सावकारांच्या हुंड्या मध्य आशियापर्यंत चालत. पुढे मुंबईच्या बाजारात ‘मुलतानी हुंडी’ म्हणून जी नव्वद दिवसांची उसनवारी चाले, ती चालवणारे हेच शिकारपुरी. बँकेचा कागद लागायचा नाही, जामीन म्हणजे ओळख. पिंपरीत आलेला माणूस कफल्लक असेल, पण मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटात त्याला महिन्याच्या वायद्याने चार ठाण उधार देणारा कोणीतरी निघायचा. या उधारीवर पिंपरीची बाजारपेठ उभी राहिली. आज आपण साई चौक, शगुन चौकात लग्नाचा बस्ता बांधायला जातो, तिचा पाया हा.

आणि ‘रक्तात धंदा’ म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की सिंधी समाजात भाईबंद हे व्यापारी आणि आमील हे कारकुनी-वकिली-शिक्षकी पेशाचे, असे दोन ठळक गट होते. आमिलांच्या कित्येक पिढ्यांनी सरकारी नोकरीच केली. मुंबईचं जयहिंद कॉलेज १९४८ मध्ये उभं राहिलं ते कराचीहून आलेल्या प्राध्यापकांनी. म्हणजे नोकरीही त्यांच्या ‘रक्तात’ होतीच की! पण छावणीत नोकऱ्या कुठून येणार? टोपलीत गोळ्या-बिस्किटं घेऊन लोकलमध्ये विकणं, बायकांनी पापड-लोणची करणं, शिवणाचं यंत्र चालवणं, हेच जमण्यासारखं होतं. धंदा हा पुष्कळांसाठी नाइलाज होता. पुढे त्याची सवय झाली आणि मग लोक त्याला स्वभाव म्हणू लागले.

दुष्काळातून भोंग्याकडे

दुसरी कहाणी कारखान्यांची. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी निघाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने देशातलं पेनिसिलिन इथे बनू लागलं. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. बजाज आकुर्डीत आली, टेल्कोने १९६६ मध्ये पुण्याच्या कारखान्याची सुरुवात केली, आजूबाजूला शेकडो लघुउद्योग उगवले. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आलं, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली.

आणि त्याच १९७२ साली दुष्काळ पडला. खडी फोडायला गेलेल्या माणसांची मुलं एसटीत बसून इकडे आली. कोणी मामाच्या खोलीवर, कोणी गाववाल्याच्या. एका खोलीत आठ-दहाजण, पाळीपाळीने झोपायचे. आयटीआय झालेला असेल तर बरं, नाहीतर हेल्पर. लगेच पर्मनंट कोण करतो? २४० दिवस भरू नयेत म्हणून सात महिन्यांवर ‘ब्रेक’ मिळायचा. मग दुसरी कंपनी, पुन्हा सात महिने. अशी चार-पाच वर्षं काढून ज्याच्या हातात कायमपणाचं पत्र पडलं, त्याने गावात पेढे वाटले. मुलीचे बापही मग स्थळ घेऊन यायला लागायचे.

त्या पत्राबरोबर काय काय येई ते बघा. १९४८ च्या कायद्याने ईएसआयचा दवाखाना, १९५२ च्या कायद्याने प्रॉव्हिडंट फंड, १९६५ च्या कायद्याने किमान ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के बोनस, १९७२ च्या कायद्याने ग्रॅच्युइटी. त्यावर युनियनचा दर तीन-चार वर्षांनी होणारा करार. सिंधी दुकानदाराच्या पाठीशी हुंडी होती, तशी कामगाराच्या पाठीशी ही पाच कागदांची चळत होती. फरक इतकाच की हुंडी समाजाने दिली आणि ही चळत कायद्याने आणि लढ्याने मिळाली. १९८९ मध्ये टेल्कोच्या कामगारांनी शनिवारवाड्यापाशी केलेलं उपोषण आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्या लढ्याविषयी मतं काही असोत, पगाराच्या पाकिटामागे असला ताण होता हे विसरून चालणार नाही.

काउंटरवरून दिसलेला फरक

१९६९ ला बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि छोट्या माणसाला कर्ज द्या असा हुकूम आला. माझी बरीच वर्षं या पट्ट्यातल्या शाखांत गेली. दोन्ही समाज एकाच काउंटरवर भेटत, पण त्यांचे दिवस वेगळे. हजाराच्या आत कामगार असलेल्या कंपन्यांचे पगार सात तारखेपर्यंत आणि मोठ्यांचे दहापर्यंत व्हावेत असा तेव्हा कायदा होता. त्यामुळे त्या तारखांना शाखेत पाय ठेवायला जागा नसे. व्यापारी रोज यायचा, रोख भरायचा आणि गप्पा मारता मारता चेक कोणाचा वटला हे विचारून जायचा.

कर्ज मागायची पद्धत वेगळी. कामगार सॅलरी स्लिप आणि दोन जामीनदार घेऊन यायचा. हप्ता पगारातून परस्पर कापला जायचा. कर्ज बहुतेक वेळा घरासाठी, स्कूटरसाठी, बहिणीच्या लग्नासाठी. व्यापाऱ्याला हवं असे कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावर फिरतं कर्ज. पैसा मालात, माल विकून पुन्हा पैसा. कामगाराचं कर्ज फिटलं की संपायचं, व्यापाऱ्याचं कर्ज कधी संपतच नसे, ते त्याचं भांडवलच होतं. बरोबरीने दुकानदारांची भिशी चालायची आणि कामगारांची कंपनीतली पतपेढी. दोन्हींचं तत्त्व एकच, ओळखीच्या माणसाचा पैसा ओळखीच्या माणसाला. मात्र भिशीचा पैसा माल भरायला जाई, पतपेढीचा अडीनडीला.

सगळ्यात मोठा फरक मला जाणवला तो पैशाच्या वाटेचा. कामगाराचा पैसा दोन वाटांनी जायचा. एक वाट इथल्या संसाराची, दुसरी मनिऑर्डरची. आईचं औषध, धाकट्याचं शिक्षण, विहिरीचं खोदकाम, भावकीतला कोर्टातला दावा. कित्येकांच्या पगाराचा मोठा भाग पंधरावीस वर्षं गावाला जात राहिला. सिंधी कुटुंबाला मनिऑर्डर पाठवायला गावच नव्हतं. मघाशी म्हटलं ते हे. परतीची वाट तुटलेली, म्हणून मिळवलेला प्रत्येक रुपया पिंपरीतच राहिला आणि पिंपरीतच वाढला. दुःखाची गोष्टच ही, पण चक्रवाढ व्याजाला दुःख कळत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. संप लांबला, कंपनीला टाळं लागलं की कामगाराकडे गावाहून ज्वारीचं पोतं यायचं. बायकामुलं सहा महिने गावी राहायची. तो पडला तरी मातीवर पडायचा. दुकानदाराचा माल अंगावर पडला, एखादा घाऊक व्यापारी बुडाला, की त्याच्या खाली काही नव्हतं. अशी खाती मी बघितली आहेत. दुकान मोठं, पाटी झगझगीत, आणि आत सगळा माल उधारीचा. बाहेरून बघणाऱ्याला गल्ला दिसतो, देणं दिसत नाही. ‘सिंधी म्हणजे पैसेवाला’ हे त्यामुळेच अर्धसत्य. कॅम्पात हातगाडीवर आयुष्य काढलेले आणि दुसऱ्याच्या दुकानात नोकर म्हणून राबलेले सिंधीही पुष्कळ.

घर, म्हातारपण आणि पुढची पिढी

घराचा हिशेब मांडला तर कामगार मागे नाही. प्राधिकरणाने ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने भूखंड दिले, घरं बांधली. कामगारांनी गृहनिर्माण संस्था काढल्या. ज्यांना तिथे मिळालं नाही त्यांनी भोसरी, चिखली, तळवडे, थेरगाव भागात अर्धा-एक गुंठा घेतला. तळवडे, रुपीनगरच्या बाजूला घेतलेल्या कित्येकांना पुढे कळलं की जागा देहूरोडच्या दारूगोळा डेपोच्या रेड झोनमध्ये आहे. तरीसुद्धा एकंदरीत पाहता जमिनीच्या भाववाढीने या पट्ट्यातल्या कामगाराला जेवढं दिलं तेवढं कुठल्याही वेतनकराराने दिलं नाही. व्यापाऱ्याने जागा घेतली तर दुकानासाठी, कामगाराने डोक्यावर छप्पर म्हणून. दोघांचीही म्हातारपणीची खरी पुंजी तीच ठरली.

प्रॉव्हिडंट फंडाचंही तसंच. १९९० च्या दशकात पीएफवर १२ टक्के व्याज मिळत होतं. त्या काळात ज्याने फंडाला हात लावला नाही, त्याच्या निवृत्तीच्या वेळची रक्कम मी मोजून दिली आहे आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं आहे. व्यापाऱ्याला असा एकरकमी दिवस कधी येत नाही. तो निवृत्तच होत नाही, ऐंशीव्या वर्षीही गल्ल्यावर बसतो, आणि आपण म्हणतो, ‘बघा किती पैशाचा लोभ!’ पण पेन्शनशिवायचा माणूस दुसरं काय करणार? अर्थात कामगाराची ईपीएसची किमान पेन्शनही २०१४ पासून महिन्याला १,००० रुपयेच आहे, तेव्हा तिचा फार डांगोरा पिटण्यात अर्थ नाही.

मुलांच्या बाबतीत वाटा उलट्या झाल्या. १९८३ मध्ये राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी मिळाली आणि फिटरची, टर्नरची मुलं इंजिनिअर होऊन हिंजवडीला गेली. कामगाराला मुलाकडे वारसा म्हणून नोकरी सोपवता येत नव्हती, म्हणून त्याने शिक्षण सोपवलं. दुकानदाराच्या मुलापुढे तयार गल्ला होता. तो शाळेतून थेट दुकानात आला. आता मॉल आणि मोबाइलवरची खरेदी आल्यावर त्याच्याही मुलांना शिक्षणाचीच वाट धरावीशी वाटते. सीए झालेली, नोकरीला लागलेली सिंधी मुलं आज किती तरी आहेत. आणि कंपन्यांतून व्हीआरएस घेतलेल्या कामगारांनी त्या पैशांतून रिक्षा घेतली, किराणा दुकान टाकलं, वर्कशॉप काढलं. बजाजने २००७ मध्ये आकुर्डीतलं उत्पादन थांबवलं तोवर हे चित्र ठिकठिकाणी दिसत होतं. सगळ्यांचं साधलं नाही, पण पुष्कळांचं साधलं. मग रक्ताचं काय झालं? परिस्थिती बदलली, तसा माणूस बदलला.

तिसरी रांग

आता हे सगळं लिहायचं कारण सांगतो. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला सुरू झाला. आधी-नंतर इतरही मोठ्या कंपन्या आल्या आणि शहराचा भोंगा उत्तरेला सरकला. तिथे राबायला बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, झारखंड इथली आणि आपल्याच मराठवाडा-विदर्भातली मुलं येतात. हीच मुलं मोशी, चिखली, भोसरीत एका खोलीत सहा-सहा राहतात आणि कंपनीच्या बसची वाट पाहत पहाटे नाक्यावर उभी असतात.

माझ्या सवयीप्रमाणे मी यांचाही हिशेब मांडून पाहिला. कारखाना नामांकित, पण नोकरी कंत्राटदाराची. २०२५ पर्यंत १९७० चा कंत्राटी कामगार कायदा होता, १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदाही होता, पण कायमपणाचं पत्र हातात पडेल याची आशा फारच थोड्यांना. कंत्राटदार बदलला की पीएफचं खातं मागे राहतं. ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात, ती भरतच नाहीत. म्हणजे कामगारांची पाच कागदांची चळत याच्याजवळ अर्धीमुर्धी. सिंधी निर्वासितासारखी बाजारात उधार देणारी ओळखही नाही. जमिनीचा भाव तर असा की अर्धा गुंठासुद्धा स्वप्नात. गाव आहे, पण हजार-दीड हजार किलोमीटरवर, ज्वारीचं पोतं येण्याइतकं जवळ नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि ही मुलं पायी निघाली तेव्हा आपण गॅलरीतून पाहिलं. श्रमिक रेल्वे सुरू झाल्या त्या १ मेपासून. मधले पाच आठवडे त्यांना धरणारं कोण होतं, हा प्रश्न मला तेव्हाही पडला, आजही पडतो.

मागल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ‘बाहेरच्या मुलांना फ्लॅट भाड्याने देऊ नयेत’ अशी सूचना आली. सूचना मांडणाऱ्यांची तक्रार खोटी नाही. रात्री उशिरापर्यंत आवाज, पार्किंगमध्ये गर्दी, पोलिस पडताळणी न करता ठेवलेले भाडेकरू, या अडचणी आहेतच. त्यावर नियम करावेत आणि ते सर्वांना सारखे लावावेत. भाडेकरार नोंदवलेला हवा, पडताळणी झालेली हवी, एका फ्लॅटमध्ये किती जण याला मर्यादा हवी. पण ‘ही माणसंच तशी’ हे वाक्य सभेत उच्चारलं गेलं, त्याला माझी हरकत आहे. हे वाक्य ७५ वर्षांपूर्वी सिंध्यांबद्दल बोललं गेलं. ५० वर्षांपूर्वी पिंपरी-चिंचवडच्या जुन्या घरमालकांनी दुष्काळातून आलेल्या पोरांबद्दल तेच म्हटलं, ‘एकाला खोली दिली की दहा जण येतात.’ त्या दहांपैकी काही जण आज आपल्या सोसायटीचे सन्माननीय सभासद आहेत आणि त्यांच्या नातवंडांच्या वाढदिवसाचे कपडे साई चौकातून येतात.

त्या दोन समाजांना शहराने काहीतरी हाताशी दिलं. एकाला कॅम्पातलं घर आणि बाजारातली पत, दुसऱ्याला कायमपणाचं पत्र आणि प्राधिकरणाचा भूखंड. त्यावर त्यांनी स्वतःच्या कष्टाने पुढचं उभं केलं, आणि शहरही उभं केलं. तिसऱ्या रांगेतल्या मुलांना काय द्यायचं हे सरकारने आणि कंपन्यांनी ठरवायचं आहे, ते आपल्या हातात नाही. नोंदवलेल्या करारावर राहायला एक बरी जागा देणं मात्र आपल्या हातात आहे. बँकेत आम्ही नव्या खातेदाराला ओळख करून देणारा एक जुना खातेदार मागायचो, त्याच्या सहीशिवाय खातं उघडत नसे. या शहरातले आपण आता जुने खातेदार झालो आहोत. येत्या सभेत ही सूचना पुन्हा चर्चेला येईल तेव्हा सभासदांनी एवढा विचार जरूर करावा, ही विनंती.